आर्सेनिक पकडलं, ठेवायचं कुठं?

पाण्यातलं आर्सेनिक नव्व्याण्णव टक्के काढून टाकणाऱ्या नव्या नॅनोपदार्थाची बातमी अधूनमधून छापून येते आणि विरूनही जाते. बातमीतला आकडा बहुधा खराच असतो. पण आर्सेनिक पकडणं हा या कामातला त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. पकडलेलं सांभाळणं अवघड, आणि अधिशोषकाचं, म्हणजे आर्सेनिक पृष्ठभागावर धरून ठेवणाऱ्या पदार्थाचं, मोल त्यावरूनच ठरवायला हवं. हे पश्चिम बंगालइतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसतं. तिथे कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. क्षितीशचंद्र साहा यांनी १९८३ मध्ये रुग्णांच्या कातडीवरच्या खुणांवरून हातपंपाच्या पाण्यातलं विष ओळखलं.

पकडणं सोपं, कारण लोहाला आर्सेनिकची ओढच आहे. गंजाच्या कुळातल्या संयुगांच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट असतात. आर्सेनेट, म्हणजे आर्सेनिकचं पाण्यातलं एक रूप, त्यांना बाजूला सारून थेट लोहाशी बंध जोडतं. सगळा व्यवहार पृष्ठभागावरचा, म्हणून कण बारीक केले की जागा वाढते. मॅग्नेटाइट या लोह-ऑक्साइडचे एक मायक्रॉनचे एक ग्रॅम कण जेमतेम एक चौरस मीटर पृष्ठभाग देतात, तर दहा नॅनोमीटरचे शंभरावर. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात व्हिकी कॉल्विन यांच्या गटानं २००६ मध्ये १२ नॅनोमीटरचे असे कण आर्सेनिकसकट अगदी क्षीण चुंबकानं पाण्याबाहेर ओढून दाखवले. हे कण पोटात गेले तर, ही शंका रास्तच. पण तिच्यावर तोड निघालेली आहे. आयआयटी मद्रासच्या टी. प्रदीप यांच्या गटानं लोहाची नॅनोसंयुगं कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या कायटोसॅनमध्ये बांधून त्यांचे वाळूसारखे दाणे केले. असे दाणे साध्या गाळणीत भरता येतात.

खरी अडचण पाण्याची आहे. प्रयोगशाळेतलं पाणी शुद्ध, त्यात मोजून घातलेलं आर्सेनिक. बंगालच्या भूजलात फॉस्फेट असतं, ते रचनेनं आर्सेनेटसारखंच, त्यामुळे त्याच जागा अडवून बसतं; सिलिकाही गर्दी करतं. बरंचसं आर्सेनिक त्रिसंयुजी रूपात, विद्युतभाराशिवाय असतं, ते सहज निसटतं. शिवाय विरघळलेलं लोह. पंपातून नितळ दिसणारं पाणी हवेत थोडा वेळ राहिलं की तांबूस होतं आणि तो गाळ गाळणीत बसतो. उलट्या दिशेनं पाणी सोडून ती धुतली नाही तर तुंबते. जादवपूर विद्यापीठाच्या संशोधकांनी दोन वर्षं तपासलेल्या १८ आर्सेनिक-निवारण संयंत्रांचा अहवाल २००५ मध्ये आला. जागतिक आरोग्य संघटनेची लिटरमागे १० मायक्रोग्रॅमची मर्यादा त्यातलं एकही सातत्यानं पाळू शकलं नव्हतं.

यावर म्हणतात, हा देखभालीचा दोष, पदार्थाला कशाला बोल लावता? मला हे पटत नाही. लोह निसटलं तर भांडं लाल होतं, घरातली बाई लगेच ओळखते. आर्सेनिक निसटलं तर रंग, वास, चव काहीच बदलत नाही. जो पदार्थ गुपचूप संपतो, त्याच्यासोबत तपासणीची सोय नसेल तर ती त्रुटी आराखड्याचीच. म्हणून एका ग्रॅमला किती मिलिग्रॅम, हा आकडा मला फारसा भुरळ घालत नाही; तिथल्याच पाण्यात किती लिटरनंतर १० ची रेघ ओलांडली, ते सांगा. नदीचं पाणी शुद्ध करून नळानं द्यावं, हा दुसरा आक्षेप. तत्त्वतः तेच उत्तम, पण नळ पोचेपर्यंत तहान थांबत नाही.

आणि संपलेल्या दाण्यांचं काय? बंगालच्या भूजलात आर्सेनिक आलं तेच मुळी हिमालयातून वाहत आलेल्या गाळातल्या लोह-ऑक्साइडमधून. सेंद्रिय कुजवटीत प्राणवायू संपला, जिवाणूंनी ते लोह विरघळवलं आणि त्याला चिकटलेलं आर्सेनिक मोकळं झालं. वापरलेले दाणे पोखरात, म्हणजे तिथल्या गावतळ्यात, टाकले की पुन्हा तीच परिस्थिती तयार होते. अमेरिकेतल्या लीहाय विद्यापीठाचे अरूप सेनगुप्ता यांनी बंगालमधल्या शिबपूरच्या अभियंत्यांसोबत गावागावांत उभारलेल्या संयंत्रांत यावर तोड काढली. अधिशोषक फेकायचा नाही, कॉस्टिक सोड्यानं धुऊन पुन्हा वापरायचा, आणि निघालेला आर्सेनिकयुक्त गाळ हवा खेळती राहील अशा जाड वाळूच्या थरावर साठवायचा. प्राणवायू मिळत राहिला तर लोह विरघळत नाही. गावसमिती पाण्याचे पैसे गोळा करते आणि खर्च त्यातून भागतो.