शंभर ग्रॅम

नागावच्या पुळणीवर खेळपट्टी आखायला चुना लागत नाही. ओहोटी लागली की टाचेने रेघ ओढायची आणि भरती ती पुसेपर्यंत खेळायचं. त्या रेघेमागून अवघ्या सात पावलांत येणाऱ्या एका पोराने माझं लक्ष वेधलं ते त्याच्या वेगाने नव्हे. प्रत्येक चेंडू टाकण्याआधी तो बाजूच्या डबक्यात वाकून टेनिस बॉल खाऱ्या पाण्यात बुडवत होता आणि तसाच निथळता टाकत होता. ओल्या रबराचा, मिठाचा आणि कुजक्या कापडाचा तो वास त्याच्या तळहाताला कायमचा बसलाय. मी पुन्हा पुन्हा तिथे गेलो ते त्या वाकण्यासाठी.

"कोरडा बॉल हाताला लागतच नाही, दादा. पाण्याने जड होतो."

जड कशासाठी, ते त्याच्या काकांनी सांगितलं. एके काळी गावच्या संघाचे कप्तान असलेले काका सुरूच्या सावलीत बसून त्याचा प्रत्येक चेंडू बघतात. "साधा टेनिस बॉल 58 ग्रॅमचा, लेदरचा 158. मधे शंभर ग्रॅम. आमच्या पोरांत आणि रणजीत एवढंच अंतर आहे."

पोरगा 19 वर्षांचा. मासेमारीच्या हंगामात चुलत्याच्या होडीवर जातो, त्यामुळे त्याचा सराव घड्याळावर नाही, तिथीवर चालतो. पुनवेला-अवसेला भर दुपारी पाणी चढतं, सकाळ-संध्याकाळ किनारा मोकळा. उधाणाच्या या दिवसांत ओहोटीला समुद्र लांबवर मागे सरतो आणि घट्ट, सपाट वाळू उघडी पडते. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत, उलटं: ओहोटी ऐन उन्हात आणि पट्टाही अरुंद. रोज वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. अष्टमीच्या दुपारी तापलेल्या वाळूवर, समोर फलंदाज नसताना, एका चपलेवर नेम धरून तो यॉर्कर टाकत असतो. चप्पल उडाली की जाऊन परत नीट ठेवतो.

यॉर्करच का? टेनिसचा चेंडू हलका, त्याला शिवण नाही, हवा त्याचा वेग खाते आणि टप्पा पडला की तो छातीपर्यंत उसळतो. आखूड पडला तर मैदानाबाहेर गेलाच समजा. बुंध्यात टाकणं हाच बचाव, आणि त्यासाठी सगळा झटका मनगटात. खांदा जवळजवळ सुट्टीवर असतो. हे कसब आहे, आणि मला ते कुठल्याही अकादमीत शिकवल्या जाणाऱ्या कसबापेक्षा कमी वाटत नाही.

दिवाळीनंतर भात कापून झाला की खारेपाटातल्या शेतांवर रोलर फिरतो, मांडव पडतो, स्पर्धा सुरू होतात. चार-पाच षटकांचे सामने, रात्री प्रकाशझोत, माईकवर समालोचक, रोख बक्षिसं, मालिकावीराला कधी मोटारसायकल. अशा एका सामन्यात शेवटच्या षटकात सात धावा हव्या असताना त्याने तीन दिल्या. समालोचकाचा आवाज बसला. पण एका सामन्यात त्याच्या वाट्याला फार तर 12 चेंडू येतात.

खरी अडचण तिथून पुढे आहे: वर जायला पायऱ्या नाहीत. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या पोरासाठी पायऱ्या बांधलेल्या आहेत: रूकी, सिंगल ए, डबल ए, ट्रिपल ए, मग मोठी लीग. 2008 मध्ये उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू एका टीव्ही स्पर्धेतून पिट्सबर्ग पायरेट्सकडे गेले, तेव्हा बेसबॉलचा गंध नसलेल्या त्या पोरांनाही उभं राहायला खालची पायरी होती. इथे मांडव्याहून लाँचने तासाभरात गेटवे गाठता येतं, पण क्रिकेटसाठी रायगड जिल्हा महाराष्ट्र क्रिकेट संघटनेत, म्हणजे वाट बोरघाट चढून पुण्याला. 2025 मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये रायगड रॉयल्स नावाचा संघ उतरला, त्याचे सामने इथले लोक मोबाईलवर बघतात. मार्च 2024 मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर टेनिस बॉलची आयएसपीएल ही लीग सुरू झाली आणि किनाऱ्यावरच्या पोरांना पहिल्यांदा आपलाच खेळ स्टेडियममध्ये दिसला. तिथे मान आहे, पैसा आहे. पण त्या लीगमधून लेदरकडे जिना जात नाही.

काका मात्र नटराजनचं नाव घेतात. सेलम जिल्ह्यातल्या चिन्नप्पमपट्टीचा टी. नटराजन टेनिस बॉलवर यॉर्कर शिकला, 2017 मध्ये आयपीएलच्या लिलावात त्याला तीन कोटी मिळाले आणि 2020-21 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात तो तिन्ही प्रकारांत भारताकडून खेळला. "त्यानेही हेच शंभर ग्रॅम उचलले ना?"

उचलले खरे, पण फरक वजनापुरता नसतो. मॅटिंगवर लेदरचा चेंडू टाकताना मी या पोराला पाहिलं. पहिलं षटक फुलटॉस आणि वाईड. मनगटाचा झटका चेंडूला शिवणीवर पडू देत नव्हता. जोर काढायला गेला की कोपर वाकायचं. बेसबॉलच्या पिचरला ते चालतं. क्रिकेटमध्ये आंतरराष्ट्रीय नियमानुसार चेंडू सोडताना कोपर 15 अंशांपेक्षा जास्त सरळ होता कामा नये. शेतातल्या सामन्यात हे मोजतो कोण? तिसऱ्या षटकात दम संपला, कारण 12 चेंडूंपुढे त्याचं शरीर कधी गेलंच नव्हतं. ही त्याची चूक नाही. एक मॅटिंग, डझनभर चेंडू आणि आठवड्यातून एकदा येणारा प्रशिक्षक एवढं या किनाऱ्यावर सहज उभं राहू शकतं, आणि ते उभं न करता गुणवत्ता शोधायच्या गप्पा मारणं मला पटत नाही.

पाचव्या षटकात मात्र एक चेंडू शिवणीवर पडला, आत आला आणि मधली यष्टी घेऊन गेला. पोराने काकांकडे पाहिलं.

"सात पावलं पुरणार नाहीत रे," काका म्हणाले. "उद्यापासून पंधरा टाक. ओहोटी साडेचारला आहे."