भाड्याचे घर आणि स्वयंपाकघरातील गॅस

व्यापार वाढला की बिऱ्हाड हलते. बार्शी, लातूर किंवा जळगावची पेढी वडीलधाऱ्यांच्या हाती ठेवून धाकटा मुलगा पुण्यात नवे दुकान मांडतो. कधी मुलांच्या शिक्षणासाठी आई त्यांच्यासह शहरात राहावयास येते. भाड्याचे घर पाहताना मंदिराचे अंतर, पाणी, अनामत रक्कम यांची बारकाईने चौकशी होते. गॅसचा प्रश्न मात्र सामान उतरवल्यावर आठवतो. जेथे पिण्याचे पाणीही उकळून घ्यावयाचे आणि सूर्यास्तापूर्वी जेवण उरकावयाचे, तेथे शेगडी पेटण्यास एका दिवसाचा विलंबही जड जातो. मग घाई होते आणि घाईत आडमार्ग धरला जातो.

सर्वांत सोपा वाटणारा मार्ग म्हणजे घरमालकाच्या नावावरील सिलिंडर वापरत राहणे. परंतु सिलिंडर घरपोच देताना विचारला जाणारा सांकेतिक क्रमांक नोंदणीकृत मोबाइलवर, म्हणजे मालकाकडे जातो. ते परगावी असले की दारात आलेले सिलिंडर परत जाऊ शकते. त्याहून गंभीर बाब विम्याची. तेल कंपन्यांचा अपघात विमा नोंदणीकृत ग्राहकांसाठी असतो. दुर्घटना घडल्यास नाव एकाचे व वापर दुसऱ्याचा, ही विसंगती भरपाईच्या आड येऊ शकते. व्यापारी कुटुंबांनी आणखी एक पथ्य पाळावे. घरगुती वापराचे १४.२ किलोचे सिलिंडर दुकानातील चहासाठीही नेऊ नये. व्यवसायासाठी १९ किलोचे वेगळे सिलिंडर असते.

सरळ मार्गाचा पाया म्हणजे भाडेकरार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. हाच करार पत्त्याचा पुरावा ठरतो. तो व ओळखपत्र घेऊन गॅस वितरकाकडे गेल्यास स्वतःच्या नावाने जोडणी मिळते. ठेवीच्या रकमेचे व्हाउचर वहीखात्याइतकेच जपून ठेवावे. जुन्या गावी जोडणी असेल, तर निघण्यापूर्वी सिलिंडर व रेग्युलेटर तेथील वितरकाकडे जमा करून ठेव परत घ्यावी आणि जोडणी बंद केल्याचे व्हाउचर सोबत आणावे. मधल्या दिवसांसाठी ५ किलोचे छोटे सिलिंडर केवळ ओळखपत्रावर मिळते.

इमारतीत नळाने गॅस येत असेल, तर जोडणी बहुधा मालकाच्या नावे असते. अशा वेळी देयक कोणी भरावयाचे हे करारातच लिहावे, ताबा घेताना मीटरचा आकडा दोघांनी नोंदवावा आणि मागील थकबाकी नाही याची खात्री करावी. नवी नळजोडणी घ्यावयाची असल्यास मालकांचे ना हरकत पत्र लागते, कारण त्यासाठी भिंतीला छिद्रे पाडावी लागतात. सिलिंडरची शेगडी नळाच्या गॅसवर तशीच चालत नाही. नळाच्या गॅसचा दाब कमी असल्याने नोझलची छिद्रे मोठी लागतात. हा बदल कंपनीच्या तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावा.

आधीच्या भाडेकरूने सोडलेली रबरी नळी वापरण्याचा मोह टाळावा. आय.एस.आय. चिन्हाची नवी नळी घ्यावी व ती दर पाच वर्षांनी बदलावी. सिलिंडरमधील गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. म्हणून ओट्याखालच्या कपाटाला तळाशी हवेसाठी जागा असावी, सिलिंडर उभेच ठेवावे आणि शेगडी त्याहून उंच असावी. सिलिंडरवरील इंग्रजी अक्षर व वर्ष पाहावे. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. ती पुढील तपासणीची मुदत असते. गळती तपासताना काडी न ओढता साबणाचे पाणी लावावे. वास आल्यास रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेच्या कोणत्याही बटणास हात लावू नये व बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.

घर सोडण्याचा दिवस आला की हाच व्यवहार उलट क्रमाने पुरा करावा. सिलिंडर पुढच्या भाडेकरूस परस्पर देऊन निघून गेल्यास जोडणी आपल्याच नावावर राहते. नाव असेपर्यंत जबाबदारीही आपलीच असते.