गाडी तापली तर आधी थांबा

ईदसाठी आम्ही मुंबईहून खेडला निघालो होतो. कशेडी घाटात तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला, बॉनेटमधून वाफ आली. गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केले. धाकटा भाऊ रेडिएटरचे झाकण उघडायला धावला. अब्बांनी त्याचा हात धरला. आत दाबाखाली उकळते पाणी असते, झाकण सैल होताच ते तोंडावर उसळते.

पाऊण तास थांबलो. असरची नमाज तिथेच अदा केली. मग पाहिले तर कूलंटची टाकी रिकामी, खाली हिरवे थेंब, होज पाइप क्लिपजवळ फुटलेला. महिनाभर टाकी उतरत होती आणि आम्ही नुसते पाणी ओतत होतो!

मेकॅनिकने समजावले : गाडी फक्त उभी असताना तापत असेल तर पंखा तपासा. गळती दिसत नाही, तरी कूलंट घटते, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, ऑइल दुधाळ होते, तर हेड गॅस्केटची शंका घ्या. मग गाडी चालवू नका.

घरच्यांना घेऊन निघण्यापूर्वी, गाडी थंड असताना, टाकीतली पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे ना, एवढे पाहा. एका मिनिटाचे काम आहे.