पायऱ्यांवर भरणारा वर्ग

मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो. अहमदाबादचं ऊनही त्याच जातीचं. त्या उन्हाशी भांडण न काढता बांधलेली एक इमारत तिथे नवरंगपुऱ्यात उभी आहे. आजच्या सेप्ट विद्यापीठातलं हे मूळचं स्कूल ऑफ आर्किटेक्चर. शाळा सुरू झाली १९६२ मध्ये, इमारत त्यानंतर काही वर्षांनी झाली. वास्तुकार बाळकृष्ण दोशी. जन्म पुण्याचा, १९२७ चा. घरी फर्निचरचा व्यवसाय, शिक्षण मुंबईच्या जे.जे.त. पुढे पॅरिसला वास्तुकार ल कॉर्बुझिएंच्या हाताखाली काम. २०१८ मध्ये वास्तुकलेतला प्रित्झकर पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय.

इथे आधी नजरेत भरतं ते दारांचं दुर्भिक्ष. विटांच्या समांतर भिंती, त्यांवर काँक्रीटचे स्लॅब, आणि मधून वारा. विटांना गिलावा नाही, काँक्रीटला रंग नाही. भार कुठून कुठे उतरतो हे मुलांना भिंतीकडे बघूनच कळतं. तिरक्या छतातून उत्तरेचा मऊ उजेड स्टुडिओत येतो. कोणी शीट काढतंय, कोणी मॉडेल चिकटवतंय, आणि जाता-येता सगळ्यांना ते दिसतंय. पहिल्या वर्षाचं पोर शेवटच्या वर्षाच्या मुलाची चूक बघून शिकतं. खाली सावलीतल्या मोकळ्या जागेत, रुंद पायऱ्यांवर, गप्पा कधी संपल्या आणि शिकवणं कधी सुरू झालं ते सांगता येत नाही.

खान्देशी माणसाला यात नवल वाटू नये. आपल्या ओट्यावर दुसरं काय होतं? शेतीचे हिशोब, लग्नं, भांडणं, सगळं तिथेच. पण कॉलेज बांधायची वेळ आली की आपण ओटा विसरतो. लांबच लांब बोळ, दोन्ही बाजूंना सारख्या खोल्या, जिन्याला जाळीचा दरवाजा आणि त्याला कुलूप. बसायला जागा ठेवली तर मुलं टवाळक्या करतील, ही भीती वेगळीच.

  

जळगाव-धुळ्यात नव्या कॉलेजांचे नकाशे मंजूर करणाऱ्या मंडळींनी सही करण्याआधी एकदा नवजीवन एक्सप्रेसचं तिकीट काढावं. गाडी जळगावहून थेट अहमदाबादला जाते.