धनकोंना फसवण्यासाठी मालमत्ता लपवणे (भारतीय कायदा)

धनकोंची देणी बुडवण्याच्या हेतूने मालमत्ता लपवणे, हलवणे किंवा पुरेशा मोबदल्याविना दुसऱ्याच्या नावे करणे हा भारतात फौजदारी गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२० ते ३२३ मध्ये मोडतो. त्यापूर्वी भारतीय दंड संहिता, १८६० मधील कलम ४२१ ते ४२४ लागू होती. केवळ कर्ज फेडता न येणे हा मात्र गुन्हा नव्हे.

स्वरूप

कलम ३२० साठी दोन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात: कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलेले असणे, आणि त्यामुळे मालमत्तेचे धनकोंमध्ये कायदेशीर वाटप होण्यास अडथळा येईल असा उद्देश किंवा तशी जाणीव असणे. धनको आरोपीचे स्वतःचेच असावेत असे नाही. भावाची चीजवस्तू त्याच्या धनकोंपासून दडवणाराही या कलमात सापडतो. कलम ३२१ हे येणे असलेली रक्कम धनकोंच्या हाती लागू न देण्याविषयी, तर कलम ३२२ हस्तांतरणाच्या दस्तऐवजात मोबदल्याविषयी खोटे विधान करण्याविषयी आहे. कलम ३२३ मालमत्ता लपवण्याच्या इतर प्रकारांना लागू होते.

पूर्वी चारही कलमांना कमाल शिक्षा २ वर्षे कारावास, दंड किंवा दोन्ही अशी होती. नव्या संहितेने कलम ३२२ व ३२३ साठी ती ३ वर्षे केली आणि कलम ३२० ला किमान ६ महिन्यांची मर्यादा जोडली. अर्थात केवळ दंडाचा पर्याय कायम असल्याने ही किमान मर्यादा वाटते तितकी कठोर नाही.

फसवणुकीच्या खुणा

हेतू क्वचितच कागदावर येतो. तो परिस्थितीवरून ताडावा लागतो. याची पद्धत इंग्लंडमधील १५७१ च्या कायद्यातून व ‘ट्वाइन खटल्या’तून आली. पिअर्स नावाच्या ऋणकोकडे ट्वाइनचे ४०० आणि दुसऱ्या एका धनकोचे २०० पौंड येणे होते. त्या दुसऱ्याने दावा लावताच पिअर्सने सुमारे ३०० पौंडांची आपली सगळी चीजवस्तू गुपचूप ट्वाइनला लिहून दिली. ताबा मात्र सोडला नाही. मेंढ्यांची लोकर तोच कातरत होता आणि त्यांवर खूणही स्वतःचीच उमटवत होता. ट्वाइनचे येणे खरे असूनही सतराव्या शतकाच्या आरंभी स्टार चेंबर न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. गुप्तता, सर्वस्वाचे हस्तांतरण, दावा चालू असणे व ताबा न सोडणे या खुणा आजही तपासल्या जातात. दाव्याची नोटीस आल्यावर पत्नीच्या नावे केलेले बक्षीसपत्र हे त्याचे आपल्याकडील नेहमीचे रूप.

याउलट, अनेक धनकोंपैकी एकाचेच खरे देणे आधी फेडणे एवढ्यावरून कपट सिद्ध होत नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने मुसहर साहू विरुद्ध हकीम लाल (१९१५) या दिवाणी प्रकरणात म्हटले.

कार्यपद्धती व अन्य उपाय

दंड संहितेतील हे गुन्हे अदखलपात्र व जामीनपात्र होते. बाधित धनकोंना ते आपसांत मिटवताही येत. अदखलपात्र गुन्ह्यात पोलीस दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाविना तपास करू शकत नाहीत. ३ वर्षांपर्यंत शिक्षेच्या अशा गुन्ह्यांची दखल घेण्यास ३ वर्षांची मुदत असते. गुन्हा आधी ठाऊक नसल्यास ती माहिती मिळाल्या दिवसापासून मोजतात.

शिक्षा झाली तरी धनकोचे पैसे आपोआप परत येत नाहीत. त्यासाठी मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५३ खाली दिवाणी दावा करून हस्तांतरण रद्द करून घ्यावे लागते. सद्भावनेने मोबदला देऊन घेणाऱ्याला मात्र त्यात संरक्षण आहे. निकालापूर्वीच मालमत्ता हातची जाईल अशी भीती असल्यास दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३८, नियम ५ नुसार जप्ती मागता येते.

कंपन्यांसाठी नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ अधिक कडक आहे. तिच्या मूळ कलम ६८ नुसार नादारी प्रक्रियेपूर्वीच्या १२ महिन्यांत १०,००० रुपये वा अधिक मूल्याची मालमत्ता हेतुपुरस्सर लपवणाऱ्या अधिकाऱ्यास ३ ते ५ वर्षे कारावास, १ लाख ते १ कोटी रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.