मोतीबिंदू थांबतो, काचबिंदू थांबत नाही

आपल्या समाजातील वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडून एक वाक्य वारंवार ऐकावयास मिळते: "आता वय झाले, दिसते तेवढे पुरे." सिद्दूर हातभर लांब धरून वाचला जातो, जिन्याची शेवटची पायरी पायाने चाचपून उतरली जाते, संध्याकाळी बसचा क्रमांक शेजारच्यास विचारला जातो, पण डोळे दाखवण्याची गोष्ट निघाली की विषय बदलतो. मुले आपापल्या कामांत गुंतलेली, डॉक्टरशी बोलावयाचे ते हिब्रूत, आणि खाजगी रुग्णालय म्हटले की खर्चाची धास्ती. त्यामुळे जे विकार वाट पाहू शकतात आणि जे मुळीच पाहू शकत नाहीत, ते सारे एकाच गाठोड्यात बांधून बाजूला ठेवले जातात. ते गाठोडे सोडून दाखवावे, एवढाच या लेखाचा हेतू. आम्ही वैद्य नव्हे, शिक्षक आहोत. उपचार सांगणे आमचे काम नाही, समजावून सांगणे आहे.

पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, ज्यांचे बालपण गेले त्यांना मोतीबिंदू "पिकण्याची" भाषा ठाऊक आहे. "अजून कच्चा आहे, पिकू द्या," असे डॉक्टरच सांगत आणि त्या काळी ते बरोबरच होते. डोळ्यातील नैसर्गिक भिंग गढूळ होते, त्यास आपण मोतीबिंदू म्हणतो. तेव्हा हे भिंग मोठा छेद घेऊन अखंड बाहेर काढीत. मग टाके, डोक्याच्या दोन्ही बाजूंस वाळूच्या पिशव्या, कित्येक दिवस अंथरुणात निश्चल पडून राहणे, आणि शेवटी बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. त्या चष्म्यातून वस्तू सुमारे पाव पटीने मोठ्या दिसत. भरलेला पेला टेबलाऐवजी हवेत ठेवला जाई. एवढे भोगावयाचे तर दृष्टी जवळजवळ जाईपर्यंत थांबणेच शहाणपणाचे होते.

हे चित्र पालटले ते एका इंग्रज शल्यविशारदाच्या निरीक्षणामुळे. दुसऱ्या महायुद्धात काही वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या पारदर्शक छताचे प्लास्टिकचे कण घुसले होते. ते कण डोळ्याने निमूटपणे सहन केले, हे हॅरोल्ड रिडली यांच्या ध्यानी आले. मग त्याच जातीच्या प्लास्टिकचे भिंग करवून २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात त्यांनी ते रुग्णाच्या डोळ्यात बसविले. धंदेबंधूंनी त्यांचा वर्षानुवर्षे विरोध केला; त्यांना 'सर' हा किताब मिळाला तो थेट २००० साली. पुढे १९६७ मध्ये अमेरिकेचे चार्ल्स केलमन यांनी, दंतवैद्याकडील दात साफ करण्याच्या यंत्रावरून कल्पना घेऊन, ध्वनिलहरींनी भिंग आतल्या आत फोडून शोषून घेण्याची रीत काढली. आज छेद दोन-तीन मिलिमीटरांचा असतो, टाका बहुधा लागत नाही, बधिरतेसाठी बहुतेक वेळा थेंब पुरतात, आणि रुग्ण त्याच दिवशी घरी येतो.

तेव्हा मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहण्याचे कारण आता उरलेले नाही. उलट फार जुना झालेला मोतीबिंदू कठीण होतो व काढावयास अवघड जातो. पण घाईही नाही. वाचन, मोटार चालविणे, स्वयंपाक, पायऱ्या यांत अडचण येऊ लागली की वेळ आली असे समजावे. दोन महिने उशीर झाला तर सहसा काही बिघडत नाही.

काचबिंदूचे तसे नाही. नाव जोडीचे असल्यामुळे पुष्कळांना हा मोतीबिंदूचाच धाकटा भाऊ वाटतो. वास्तविक दोघांत काही साम्य नाही. डोळ्याच्या आत एक द्रव सतत तयार होतो व वाहून जातो (अश्रू निराळे). त्याचा निचरा तुंबला की दाब वाढतो आणि मेंदूकडे दृष्टी नेणारी नस हळूहळू झिजते. या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात. गेलेला तंतू परत येत नाही. दृष्टी प्रथम कडेने जाते आणि मेंदू ती रिकामी जागा स्वतःच भरून काढतो, म्हणून रुग्णास वर्षानुवर्षे पत्ता लागत नाही. समोरचा फळा स्पष्ट दिसतो, कडेने येणारी सायकल दिसत नाही. दाब साधारणतः १० ते २१ असतो. परंतु काहींची नस त्या मर्यादेतही झिजते, म्हणून केवळ दाब मोजून भागत नाही, नस पाहावी लागते. आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणास काचबिंदू असेल तर चाळिशीनंतर नियमित तपासणी करावीच. उपचार बहुधा रोजच्या थेंबांचा. त्यांनी दृष्टी सुधारत नाही, उरलेली राहते. आणि सुधारणा दिसत नाही म्हणून थेंब सोडणारे महाभाग आपल्या ओळखीत थोडे नाहीत.

मधुमेहाविषयी तर आपण विशेष जागरूक असावयास हवे, कारण भारतीय उपखंडातील लोकांना तो अधिक प्रमाणात आणि कमी वयात जडतो. डोळ्याच्या मागील पडद्यातील सूक्ष्म रक्तवाहिन्या त्याने गळू लागतात आणि आरंभी काहीच जाणवत नाही. उतारवयात होणाऱ्या मधुमेहात निदान झाले त्याच वेळी, आणि त्यापुढे साधारणपणे दरवर्षी, बाहुल्या मोठ्या करून पडदा तपासून घ्यावा. साखर वर-खाली होत असता नवा चष्मा करू नये. साखर स्थिर झाली की नंबर पुन्हा बदलतो आणि पैसे वाया जातात. पडद्यावर लेसर करतात किंवा डोळ्यात औषध टोचतात. डोळ्यात सुई हे ऐकूनच माणूस उठून उभा राहतो, पण थेंबांनी डोळा बधिर केलेला असतो आणि काम क्षणभराचे असते.

म्हातारपणी पडद्याच्या मध्यभागी होणाऱ्या विकाराच्या एका प्रकारावरही हीच इंजेक्शने चालतात. त्याची खूण घरच्या घरी ओळखता येते: एकेक डोळा झाकून दाराची चौकट पाहावी. सरळ रेषा वाकडी दिसू लागली तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा.

काही प्रसंगी मात्र आठवडाच काय, उद्याही चालत नाही. डोळ्यात एकाएकी विजा चमकणे, काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडणे, किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखे होणे, ही दृष्टिपटल सुटण्याची लक्षणे आहेत. डोळा लाल होऊन तीव्र वेदना, दिव्याभोवती रंगीत वलये, डोकेदुखी आणि वांती हा काचबिंदूचाच अचानक येणारा प्रकार. तो आशियाई लोकांत अधिक आढळतो, आणि वांतीमुळे पोटाचा विकार समजून घरीच लिंबूपाणी दिले जाते. दृष्टी क्षणात जाणे हेही यातच आले. अशा वेळी तोर घेत बसू नये, तडक मियूनमध्ये जावे. खाजगी रुग्णालये बहुधा ठरवून करावयाच्या शस्त्रक्रियांसाठी असतात, तेथे धावण्यात वेळ जाईल. नावाने फसू नये: तेल अवीवचे असुता खाजगी आहे, पण अशदोदचे, २०१७ मध्ये उघडलेले असुता हे सार्वजनिक रुग्णालय आहे आणि तेथे मियून आहे.

खर्चाविषयी थोडेसे. १९९५ पासून लागू असलेल्या आरोग्य विमा कायद्याने प्रत्येक रहिवासी चारपैकी एका कुपात होलिमचा सभासद असतो. नेत्रतज्ज्ञाकडे जाण्यास कौटुंबिक डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, साध्या भिंगासह, कायद्याच्या सेवांत बसते. त्यासाठी तोफेस १७ घ्यावा. ज्यांचा पूरक विमा आहे त्यांना खाजगी रुग्णालयात शल्यविशारद निवडता येतो, पण तो डॉक्टर विम्याच्या यादीत आहे का आणि आपला हिस्सा किती, हे अगोदर लेखी विचारावे. खाजगी ठिकाणी दूरचे व जवळचे दोन्ही दाखविणाऱ्या महाग भिंगांचा आग्रह होतो. ती वाईट नाहीत. परंतु रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात, आणि काचबिंदू किंवा पडद्याचा विकार असलेल्यांना ती सहसा योग्य ठरत नाहीत. साधे भिंग आणि वाचावयास चष्मा ही जोडी आम्हांस तरी पुरेशी प्रतिष्ठित वाटते.

तपासणीस जाताना घरातील एक हिब्रू जाणणारे माणूस सोबत असावे. "बरोबर दिसत नाही" एवढ्यावर डॉक्टरास काही कळत नाही. अंधुक की वाकडे, एका डोळ्याने की दोन्हीने, हळूहळू की एकदम, हे आजी-आजोबांनी मराठीत सांगावे आणि नातवाने जसेच्या तसे पोचवावे. पाटीवरील अक्षरे ओळखता येत नसतील तर अंकांची पाटी मागावी. न येणारे अक्षर आणि न दिसणारे अक्षर यांत फरक आहे. बाहुली मोठी करण्याच्या थेंबांनी काही तास धूसर दिसते, तेव्हा स्वतः मोटार चालवू नये. दृष्टिक्षेत्राच्या चाचणीत मिणमिणता ठिपका दिसला की बटण दाबावयाचे असते. बरेच ठिपके दिसत नाहीत म्हणून पुष्कळजण रडकुंडीस येतात. यंत्र मुद्दाम दृष्टीच्या सीमेवरचे ठिपके दाखवीत असते. निरोगी माणसासही त्यांतील सुमारे निम्मे दिसत नाहीत. इतक्या वर्षांच्या शिक्षकीत अशी परीक्षा आम्ही दुसरी पाहिली नाही.

औषधांची यादी बरोबर न्यावी. लघवीच्या त्रासासाठी टॅम्सुलोसिन घेत असल्यास, किंवा पूर्वी घेऊन सोडले असल्यासही, शस्त्रक्रियेपूर्वी अवश्य सांगावे. त्याने बाहुलीभोवतीचा पडदा ढिला पडतो आणि शल्यविशारदास तयारी ठेवावी लागते. भारतातून येताना पिशवीत आणलेले थेंब परस्पर घालू नयेत. त्यांत स्टिरॉइड असेल तर लाली जाते, पण डोळ्यातील दाब वाढू शकतो आणि मोतीबिंदूही होऊ शकतो.

भारतवारीतच शस्त्रक्रिया उरकून घेण्याचा विचार काही कुटुंबे करतात. तेथील शल्यविशारद कसलेले आहेत यात शंका नाही. पण नंतरच्या तपासण्या दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने असतात, आणि थेंब काही आठवडे चालतात. तिकीट तेवढे लांब असेल तरच ते करावे. आणि शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी वा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागले तर मोतीबिंदू परत आला असे समजू नये. नव्या भिंगामागची पातळ पिशवी गढूळ झालेली असते. लेसरने तिला मधोमध छिद्र पाडतात, सुरी लागत नाही, आणि काही मिनिटांत रुग्ण बाहेरच्या बाकावर येऊन बसतो.