फाशीची शिक्षा आणि ख्रिस्तसभेची शिकवण : कॅथोलिकांमध्ये मतभेद कशाचा?

दापोली तालुक्यातील केळशी हे रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाकडील गाव. पुढे वेळास, बाणकोट, आणि सावित्रीची खाडी ओलांडली की रायगड जिल्ह्यातील हरिहरेश्वर व श्रीवर्धन. श्रीवर्धनपासून जवळच शेखाडी आहे. फेब्रुवारी १९९३ मध्ये शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरवण्यात आले आणि १२ मार्च रोजी मुंबईत बॉम्बस्फोटांची मालिका झाली. २५७ माणसे मृत्युमुखी पडली, सातशेहून अधिक जखमी झाली. माहीमच्या मच्छीमार वसाहतीवर हातबॉम्ब फेकले गेले. हा माल सुखरूप जाऊ देणाऱ्यांमध्ये कस्टम व पोलीस खात्यातील काही जणही होते, हे पुढे न्यायालयात सिद्ध झाले. ज्या गावाची माणसे मुंबईत नोकरीधंद्याला नाहीत असे गाव कोकणात शोधूनही सापडायचे नाही. म्हणून फाशीच्या शिक्षेचा विषय निघाला की केळशीपासून सावंतवाडीपर्यंत कोणालाही तो परका वाटत नाही.

या खटल्यातील याकूब मेमन यास ३० जुलै २०१५ रोजी नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात फाशी देण्यात आली. त्या पहाटे तीनच्या सुमारास सर्वोच्च न्यायालयाचे दार उघडून शेवटची सुनावणी झाली होती. त्याच न्यायालयाने मार्च २०१३ मध्ये इतर दहा जणांची फाशी जन्मठेपेत बदलली होती. प्रत्यक्ष बॉम्ब ठेवणारे जन्मठेपेवर गेले आणि सूत्रधारांपैकी एक म्हणून मेमनची फाशी कायम राहिली. आता प्रश्न असा की, ख्रिस्तसभा जेव्हा मृत्युदंड स्वीकारार्ह नाही असे म्हणते, तेव्हा ती अशा माणसाविषयीही तेच म्हणते काय? उत्तर 'होय' असे आहे. हे उत्तर अनेक भाविकांना जड जाते, आणि जड जाणारे सगळे अश्रद्ध नाहीत.

मृत्युदंडाचे समर्थन करणारे कॅथोलिक पवित्र शास्त्राचाच आधार घेतात. मनुष्याचे रक्त सांडणाऱ्याचे रक्त मनुष्याकडूनच सांडले जाईल, असे उत्पत्तीच्या पुस्तकात नोहाला सांगितले आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात संत पौल सत्ताधाऱ्याच्या हातातील तलवारीचा उल्लेख करतो. संत थॉमस अक्वायनस याने समाजाच्या हितासाठी घातक गुन्हेगाराचा वध न्याय्य मानला. १५६६ च्या रोमन धर्मशिक्षण ग्रंथानेही शासनाचा हा अधिकार मान्य केला. पोपच्या स्वतःच्या राज्यात १८७० पर्यंत मृत्युदंड दिला जात होता. व्हॅटिकन नगरराज्याच्या १९२९ च्या कायद्यात पोपवरील प्राणघातक हल्ल्यासाठी ही शिक्षा होती. ती १९६९ मध्ये काढली गेली. हा इतिहास झाकून ठेवण्यात काहीच अर्थ नाही.

मात्र त्याच परंपरेत दुसरा प्रवाहही आहे. नवव्या शतकात पोप पहिले निकोलस यांनी नव्याने ख्रिस्ती झालेल्या बल्गेरियाच्या राजाला, अपराध्यांना देहदंडापासून वाचवावे, असा सल्ला दिला होता. आपल्या काळात या प्रवाहाला बळ दिले ते पोप जॉन पॉल दुसरे यांनी. २५ मार्च १९९५ रोजी प्रसिद्ध झालेल्या 'जीवनाचे शुभवर्तमान' या परिपत्रकात त्यांनी म्हटले की, समाजाचे रक्षण अन्य मार्गाने होऊच शकत नाही अशा प्रसंगीच मृत्युदंडाचा विचार व्हावा, आणि असे प्रसंग आज जवळजवळ उरलेले नाहीत. त्यानुसार १९९७ मध्ये धर्मशिक्षण ग्रंथातील २२६७ वा परिच्छेद सुधारण्यात आला. ऑगस्ट २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तोच परिच्छेद पुन्हा बदलला. मृत्युदंड हा माणसाच्या प्रतिष्ठेवरील आघात असल्यामुळे तो स्वीकारार्ह नाही, आणि जगभर तो रद्द व्हावा यासाठी ख्रिस्तसभा प्रयत्न करील, असे तेथे आता स्पष्ट नमूद आहे.

येथूनच वादाला तोंड फुटले. काही ईशज्ञान पंडितांनी त्याच महिन्यात कार्डिनलांना उद्देशून जाहीर आवाहन केले की, ही नवी शिकवण पवित्र शास्त्राशी आणि दोन हजार वर्षांच्या परंपरेशी विसंगत आहे. कार्डिनल बर्क यांच्यासह काही धर्माधिकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निवेदनातही हाच सूर होता. दुसऱ्या बाजूने श्रद्धासिद्धांत मंडळाच्या पत्रात हा विरोधाभास नसून शिकवणीचा विकास आहे, असा खुलासा करण्यात आला. वास्तविक कार्डिनल राट्झिंगर (नंतरचे पोप बेनेडिक्ट सोळावे) यांनी २००४ मध्ये अमेरिकेतील बिशपांना लिहिले होते की, मृत्युदंडाच्या अंमलबजावणीविषयी कॅथोलिकांमध्ये रास्त मतभिन्नता असू शकते, गर्भपाताविषयी नाही. समर्थक हे वाक्य आजही पुढे करतात. परंतु ते २०१८ च्या पूर्वीचे आहे, ही गोष्ट ते सहसा सांगत नाहीत.

आमच्या मते या वादात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले गेले आहेत. शासनाला गुन्हेगारास शिक्षा करण्याचा अधिकार आहे काय, हा एक. त्याविषयी ख्रिस्तसभेने कधीच 'नाही' म्हटलेले नाही. संत पौलाची तलवार रद्द झालेली नाही. शासनाने जिवंत, निःशस्त्र व कोठडीत बंदिस्त असलेल्या माणसाचा प्राण घ्यावा काय, हा दुसरा. पूर्वी भक्कम तुरुंग नव्हते, तेव्हा हे दोन प्रश्न एकत्र येत असत. मेमन एकवीस वर्षे तुरुंगात होता. त्या काळात त्याच्यापासून कोणाला धोका होता, असे कोणी म्हणणार नाही. शिकवणीचा विकास कसा व किती झाला यावर पंडितांनी जरूर वाद घालावा. पण फाशीच्या दिवशी पेढे वाटणे कोणत्याही काळच्या धर्मशिक्षणात बसत नव्हते.

मृतांच्या आप्तांचे काय, असे कोणी विचारील. विचारलेच पाहिजे. मृत्युदंडाला विरोध करणाऱ्यांच्या तोंडी गुन्हेगाराचे नाव वारंवार येते आणि मृतांची नावे क्वचित येतात, हा आक्षेप खरा आहे. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी मध्य प्रदेशात सिस्टर राणी मारिया यांची चालत्या बसमधून उतरवून हत्या झाली. त्यांच्या धाकट्या बहिणीने, त्याही धर्मभगिनीच, जन्मठेप भोगणाऱ्या मारेकऱ्याला तुरुंगात जाऊन राखी बांधली. कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला आणि २००६ मध्ये तो सुटला. २०१७ मध्ये राणी मारिया यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. ही क्षमा त्या कुटुंबाने आपणहून दिली. ज्याचे कोणी गेलेले नाही त्याने ती दुसऱ्याकडून मागू नये. ख्रिस्तसभेची मागणी शासनाकडे आहे, शोकाकुल घराकडे नव्हे.

आणखी एक गोष्ट महाराष्ट्रातलीच. २००३ मधील एका अत्यंत क्रूर गुन्ह्यात भटक्या जमातीतील सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये फाशी ठोठावली होती. मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने त्या सहाही जणांना निर्दोष ठरवून सोडले आणि शासनाने प्रत्येकास पाच लाख रुपये द्यावेत, असा आदेश दिला. दरम्यान दहा वर्षे गेली होती. दोर ओढला गेला असता तर निकाल फिरवून उपयोग नव्हता. सहाही जण गरीब होते. आपल्याकडे फाशीच्या कोठडीत कोण पोहोचतो, याचा विचार करताना हे ध्यानात ठेवावे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत मृत्युदंड कायम आहे. जमावाने केलेल्या हत्येसाठीही आता त्याची तरतूद आहे. तेव्हा हा विषय आपल्या धर्मग्रामांतील युवक मेळाव्यांत व धर्मशिक्षण वर्गांत पुन्हा येणार. तो घेताना शिक्षकांनी धर्मशिक्षण ग्रंथातील १९९२, १९९७ आणि २०१८ या तिन्ही वेळचा मजकूर शेजारी शेजारी ठेवून वाचून दाखवावा, आणि मगच मुलांना बोलू द्यावे.